सात वर्षांची चाकरी, एका महिन्याचा पगार



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला इतिहासावर बोलायला सांगितले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हणालो. इतिहास हा विद्वानांचा प्रांत. माझी शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते पाळी सुटल्यावर, युनियनच्या कचेरीतल्या बाकावर आणि नगरवाचनालयाच्या कपाटापुढे उभ्या उभ्या. पण चालक म्हणाले, "तुम्ही सभासदांना ज्या अमेरिकन शेतकऱ्याची गोष्ट सांगत असता, तीच आम्हाला सांगा." तेव्हा माझा नाइलाज झाला.

त्या शेतकऱ्याचे नाव जोसेफ प्लंब मार्टिन. आपल्यापैकी फार थोड्यांनी ते ऐकले असेल. त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. त्याच्या मरणानंतर शंभरएक वर्षे खुद्द अमेरिकेतही ते नाव फारसे कोणी घेत नव्हते. तो सेनापती नव्हता, मुत्सद्दी नव्हता. स्वातंत्र्ययुद्धात शिपाई म्हणून गेला, सार्जंट म्हणून परतला, आणि पुढे उत्तरेकडच्या मेन प्रांतात जंगल तोडून शेती करून राहिला. मग अशा माणसावर तासभर का बोलायचे?

याचे कारण माझ्या धंद्यात आहे. गेली तीस वर्षे मी पगारपत्रके वाचतो आहे. त्यामुळे इतिहासाचे पुस्तक हाती आले, की लढाई कोणी जिंकली याच्या आधी माझ्या मनात एकच प्रश्न उभा राहतो: या माणसांना पगार कोण देणार होता, आणि तो मिळाला का? इतिहासाच्या पुष्कळ पुस्तकांत याचे उत्तर मिळत नाही. मार्टिनच्या पुस्तकात ते मिळते, कारण ते पुस्तक पगार न मिळालेल्या माणसाने स्वतः लिहिलेले आहे.

मार्टिनचा जन्म २१ नोव्हेंबर १७६० चा, मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागातल्या बेकेट गावचा. बाप धर्मोपदेशक, पण संसार ओढगस्तीचा. सातव्या वर्षी पोराला कनेटिकटमध्ये आईच्या माहेरी, आजी-आजोबांकडे पाठवले. तेथे शेतावर तो वाढला. १७७५ साली वसाहतींनी इंग्लंडच्या राजाविरुद्ध उठाव केला, गावोगाव भरतीचे नगारे वाजू लागले, आणि १७७६ साली हा पंधरा वर्षांचा पोरगा सहा महिन्यांच्या बोलीवर पलटणीत नाव घालून आला. ब्रुकलिनची पिछेहाट त्याने पाहिली, न्यूयॉर्कजवळ किप्स बे येथे इंग्रजी तोफांपुढे झालेली पळापळ पाहिली. मुदत संपताच नाताळच्या दिवशी त्याला मोकळीक मिळाली आणि तो घरी आला.

आता घरी आलेला माणूस पुन्हा का गेला, हे पाहण्यासारखे आहे. १७७७ च्या वसंतात सरकारने ठरवले, की गावातल्या पुरुषांचे गट पाडायचे आणि प्रत्येक गटाने एक शिपाई पुरवायचा. ज्यांच्या गाठीला पैसा होता ते दुसऱ्याला पैसे देऊन पाठवीत. मार्टिन अशाच एका गटाच्या वतीने गेला, आणि यावेळी लढाई संपेपर्यंतच्या करारावर. ही गोष्ट तो लपवीत नाही. देशप्रेम होतेच, पण आपल्या कातड्याची काहीतरी किंमत आली पाहिजे, एवढा व्यवहारही त्या सोळा वर्षांच्या पोराला कळत होता. मला हा खरेपणा फार आवडतो. त्याग केला तो गरिबाने, आणि त्याने हिशेब विचारला की त्याचा त्याग खोटा ठरवायचा, ही रीत जुनी आहे.

करार काय होता? शिपायाला दरमहा ६ डॉलर आणि वर दोन तृतीयांश डॉलर. शिवाय शिधा, कपडे, आणि युद्ध संपेपर्यंत टिकला तर १०० एकर जमीन. सरकारने हा शब्द दिला होता. आता तो कसा पाळला गेला ते पाहू.

१७७७ च्या नोव्हेंबरात मार्टिन फिलाडेल्फियाजवळ डेलावेअर नदीतल्या एका चिखलाच्या बेटावर होता. त्या बेटावरच्या गढीचे नाव फोर्ट मिफ्लिन. थंडी कडाक्याची, आणि पायात ना जोडे ना मोजे. इंग्रजांच्या तोफा रात्रंदिवस चालू. गढीत ३२ पौंडी गोळ्याची एक तोफ होती, पण तिला गोळा नव्हता. इंग्रजांचे तेवढ्याच मापाचे गोळे आत येऊन पडत. तेव्हा अधिकाऱ्यांनी जाहीर केले, की शत्रूचा असा गोळा जो उचलून आणील त्याला थोडी रम मिळेल. मग गोळा जमिनीवर घरंगळत असतानाच वीस ते पन्नास माणसे त्याच्यामागे धावत. तोच गोळा तोफेत घालून इंग्रजांना परत! शेवटी गढीत गढी म्हणण्यासारखे काही उरले नाही, आणि १५ नोव्हेंबरच्या रात्री उरलेली माणसे अंधारात होड्यांतून निघून गेली. मार्टिनची तक्रार अशी, की या लढाईची कोणी वाखाणणी केली नाही, कारण तिथे कोणी नामांकित सेनापती हजर नव्हता. असता तर तिचे पोवाडे झाले असते.

पुढच्याच महिन्यात काँग्रेसने साऱ्या देशाला देवाचे आभार मानण्याचा दिवस पाळायला सांगितला. सैन्यालाही मेजवानी मिळाली. मार्टिनने तिचा तपशील नोंदवून ठेवला आहे: अर्धा लहान पेला तांदूळ आणि एक चमचा शिरका. त्याच सुमारास, व्हॅली फोर्जच्या छावणीत रात्री पोचल्यावर तहानेने जीव जातो असे झाले, तेव्हा दोन अनोळखी शिपायांकडून त्याने घोटभर पाणी तीन पेनी देऊन विकत घेतले. तेवढेच पैसे त्याच्याजवळ होते.

व्हॅली फोर्जचे हाल प्रसिद्ध आहेत. पण दोन वर्षांनंतरचा मॉरिसटाऊनचा हिवाळा, १७७९-८० चा, त्याहून वाईट होता. चार दिवस आणि चार रात्री मार्टिनच्या पोटात झाडाची साल चघळली असेल तेवढीच. काहींनी जुने जोडे भाजून खाल्ले. आणि हे घडत होते ते दुष्काळी मुलखात नव्हे. आसपासच्या शेतकऱ्यांकडे धान्य होते, पण सरकारच्या कागदी नोटा कोणी घेईना. काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकार नव्हता. ती नोटा छापीत गेली, आणि मार्च १७८० मध्ये तिने स्वतःच कबूल केले, की ४० कागदी डॉलर म्हणजे एक चांदीचा डॉलर. पुढच्या वर्षी तेवढीही पत राहिली नाही.

मग जे व्हायचे ते झाले. २५ मे १७८० च्या संध्याकाळी हजिरी झाली, पण कनेटिकटच्या शिपायांनी मैदान सोडले नाही. कित्येक दिवस मांसाचा तुकडा नव्हता, पाच महिन्यांचा पगार थकला होता. एका अधिकाऱ्याने एका शिपायाला बंडखोर म्हणून शिवी दिली. त्याने बंदुकीचा दस्ता जमिनीवर आपटला आणि विचारले, माझ्याबरोबर कोण उभा राहतो? सारी पलटण उभी राहिली. ढोल वाजवीत ते शेजारच्या पलटणींना हाक द्यायला निघाले. कर्नल मेग्ज आडवे आले, आणि अंधारात कोणाची तरी संगीन त्यांना लागली. मार्टिन हळहळून सांगतो, की हा अधिकारी तर शिपायांचा मित्र होता. मग पेनसिल्वेनियाच्या फौजेला त्यांना घेरायला आणले. पण कशासाठी आणले आहे हे त्या शिपायांना कळले, तेव्हा तेच म्हणू लागले, की आपणही यांना मिळू या! त्यांच्या अधिकाऱ्यांनी त्यांना घाईघाईने परत आपल्या तळावर नेले.

त्या रात्री कोणी पळून गेले नाही, कोणी शत्रूला मिळाले नाही. समजुतीच्या गोष्टी झाल्या आणि माणसे आपापल्या झोपड्यांत जाऊन निजली. पण थोड्याच दिवसांत शिधा आला. आमच्या गडबडीचा एवढा उपयोग झाला, अशी मार्टिनची नोंद आहे. बंधुभगिनींनो, संपाच्या शास्त्रावर मी पुष्कळ पुस्तके वाचली आहेत; पण या प्रसंगाइतके स्पष्ट मला कुठे सापडले नाही. ही माणसे देशाच्या विरुद्ध नव्हती. देशाने दिलेला शब्द पाळावा, एवढेच त्यांचे मागणे होते.

त्याच उन्हाळ्यात मार्टिनची बदली नव्या पलटणीत झाली. आपल्याकडचे जुने शिपाई जिला सफरमैना म्हणत, तसली ती पलटण; काम खंदक खणण्याचे आणि सुरुंग लावण्याचे. तो सार्जंट झाला. १७८१ साली सैन्य दक्षिणेला व्हर्जिनियाकडे निघाले, आणि वाटेत एक चमत्कार घडला. फ्रेंचांकडून उसन्या आणलेल्या नाण्यांतून प्रत्येकाला एक महिन्याचा पगार रोख मिळाला. मार्टिनची नोंद अशी, की १७७६ नंतर पगार म्हणून हातात पडलेला खरा पैसा तो हाच. आणि पुढेही, युद्ध संपेपर्यंत किंवा संपल्यावर, पगार म्हणून दुसरा मिळाला नाही.

आता यॉर्कटाऊनच्या मैदानावर येऊ. ऑक्टोबर १७८१. लॉर्ड कॉर्नवॉलिस आपल्या फौजेसह तेथे कोंडला गेला होता. या मैदानावरच्या चार माणसांकडे लक्ष द्या. पहिला कॉर्नवॉलिस. दुसरा अलेक्झांडर हॅमिल्टन. १४ तारखेच्या रात्री इंग्रजांच्या दहा नंबरच्या मोर्च्यावर जो हल्ला झाला, त्याचा तो म्होरक्या. तिसरा हेन्री नॉक्स, अमेरिकन तोफखान्याचा प्रमुख. आणि चौथा सार्जंट मार्टिन. हॅमिल्टनच्या माणसांना वाट करून देण्यासाठी मोर्च्यापुढचे टोकदार लाकडी कुंपण कुऱ्हाडीने तोडीत जे सफरमैना पुढे गेले, त्यांच्यात तो होता. १९ ऑक्टोबरला इंग्रजी फौजेने शस्त्रे खाली ठेवली. या चौघांचे पुढे काय झाले?

कॉर्नवॉलिस हरला. पाच वर्षांत, १७८६ साली, तो हिंदुस्थानचा गव्हर्नर-जनरल म्हणून कलकत्त्यास उतरला. टिपूवरच्या मोहिमेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा ज्याच्या जोडीने श्रीरंगपट्टणावर चालून गेल्या, तोच हा. १७९३ साली बंगालच्या शेतकऱ्यांच्या डोक्यावर जमीनदार कायमचे बसवून दिले, तेही यानेच. हरलेल्या लॉर्डाला एक देश गेला तर दुसरा मिळाला.

जिंकलेल्या सार्जंटाला काय मिळाले? जून १७८३ मध्ये त्याला घरी पाठवले. थकलेल्या पगाराबद्दल सरकारने कागद दिले. पुढे कधीतरी पैसे देऊ, अशी कबुली त्यावर होती. अंगावर धड कपडे नव्हते, म्हणून मार्टिनने त्यातले काही विकले आणि कपडे घेतले. हजारो शिपायांनी तसेच केले. दलाल फिरतच होते; दर्शनी किमतीच्या लहानशा हिश्शाला ते हे कागद गोळा करीत.

येथे मला माझे एक सांगितले पाहिजे. आमच्या भागातली एक सूतगिरणी बंद पडली. नाव घेत नाही. कामगारांची देणी कोर्टात अडकली. तेव्हा चाळीत एक गृहस्थ येऊ लागले. आज रोख घ्या, या मुखत्यारपत्रावर सही करा, कोर्टातून मिळेल ते आमचे. माझे वडील घेणेकरी होते आणि घरात बहिणीचे लग्न होते. मी एकोणीस वर्षांचा. घरात वाचता येणारा मीच, म्हणून तो कागद मीच वडिलांना वाचून दाखवला. अर्थ मला कळत होता. तरी 'करू नका' असे म्हणण्याजोगे माझ्या खिशात काही नव्हते. वडिलांनी सही केली. पुढे कोर्टाचा निकाल लागला, तेव्हा पैसे सगळे मिळाले. फक्त आम्हाला नव्हेत. मी चळवळीत आलो तो एखादा ग्रंथ वाचून नव्हे, तो कागद वाचून.

म्हणून अमेरिकेतला १७९० चा वाद मी वाचला, तेव्हा तो मला परका वाटला नाही. हॅमिल्टन आता खजिन्याचा मंत्री होता. त्याने ठरवले, की हे सर्व कागद सरकार पूर्ण किमतीला मानील. पण पैसे मिळतील ते आज कागद ज्याच्या हाती आहे त्याला. जेम्स मॅडिसनने सभागृहात सुचवले, की मूळ शिपायालाही काही वाटा द्या. त्याची सूचना ३६ विरुद्ध १३ मतांनी फेटाळली गेली. हॅमिल्टनची बाजूही समजून घेतली पाहिजे. नव्या राज्याची पत उभी करायची तर विकलेला कागद हा विकलाच समजला पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते, आणि हिशेबाने ते बरोबर होते. राज्याची पत उभी राहिली. ती ज्यांच्या पाठीवर उभी राहिली, त्यांचे नाव त्या वहीत नव्हते.

सगळेच गप्प बसले असे नाही. १७८६-८७ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिमेकडे डॅनियल शेज हा एक जुना कॅप्टन, तोही शेतकरी, कर्जबाजारी शेतकऱ्यांना घेऊन न्यायालयांवर चालून गेला. सरकार जबर कर बसवीत होते, आणि तो कर जात होता तो बव्हंशी असेच कागद साठवलेल्या सावकारांच्या घरात. ते बंड मोडले गेले. मार्टिन त्यात नव्हता. तो दूर मेनमध्ये, पेनॉब्स्कॉट नदीच्या मुखाजवळ, जंगल तोडीत होता.

शंभर एकरांचे वचन त्याच्यापर्यंत कधी पोचले नाही. म्हणून त्याने पडीक दिसलेली जमीन धरली, झाडे तोडली, खुंट जाळले, घर बांधले. १७९४ साली लूसी क्लूलीशी लग्न केले. पाच मुले झाली. ती जमीन मुळात पेनॉब्स्कॉट आदिवासींची होती, हेही सांगितले पाहिजे. गरिबाच्या घरादाराखालीही कधी कधी दुसऱ्या गरिबाची भूमी असते. पण मार्टिनच्या दारात आले ते आदिवासी नव्हेत. आले जनरल हेन्री नॉक्स.

नॉक्स युद्धमंत्री झाले होते. त्यांच्या पत्नीच्या आजोबांच्या नावे मेनमध्ये लाखो एकरांची सनद होती, आणि तिच्यावर त्यांनी हक्क सांगितला. नोकरी सोडून ते तिथे येऊन राहिले, मोठा वाडा बांधला. १७९७ मध्ये त्यांचा दावा कायद्याने खरा ठरला. मार्टिनने स्वतः साफ केलेल्या शंभर एकरांची किंमत १८०१ मध्ये ठरली १७० डॉलर. सहा वर्षांत, व्याजासह. मार्टिनने आपल्या जुन्या जनरलला पत्र लिहून दयेची याचना केली. पत्राचा उपयोग झाला नाही. १८११ पर्यंत जमीन निम्मी उरली, १८१८ पर्यंत काहीच नाही. कायदा नॉक्स यांच्या बाजूने होता, यात शंका नाही; ते स्वतःही कर्जात बुडालेले होते आणि १८०६ साली कर्जातच वारले.

आता एक साधा हिशेब करू. एप्रिल १७७७ ते जून १७८३ म्हणजे ७४ महिने. शिपायाच्या दरानेच धरला तरी पगार होतो सुमारे ४९३ डॉलर. रोख मिळालेला एक महिना वजा करा, उरले ४८६. जमिनीची किंमत १७०. म्हणजे ठरलेला पगार चांदीत मिळाला असता, तर हे शेत दोनदा विकत घेऊन वर १४६ डॉलर उरले असते. ज्या शेतावरून तो हलला, ते त्याने खंदक खणून आधीच दुप्पट किमतीला घेतले होते. पावती तेवढी नव्हती.

१८१८ मध्ये अध्यक्ष मन्रो यांच्या कारकिर्दीत गरजू जुन्या सैनिकांना दरमहा ८ डॉलर निवृत्तिवेतन देण्याचा कायदा झाला. मन्रो स्वतः त्या युद्धात जखमी झालेले. मार्टिनने अर्ज केला. गरिबी सिद्ध करण्यासाठी त्याने आपली मालमत्ता लिहून दिली: दोन गाई, सहा मेंढ्या, एक डुक्कर. स्वतः कामाला असमर्थ, बायको संधिवाताने आजारी. पेन्शन मिळाली. वर्षाला ९६ डॉलर. आणि ती मिळताच, या म्हाताऱ्यांना सरकार फुकट पोसते अशी कुरकुर करणारेही निघाले.

त्या कुरकुरीला उत्तर म्हणून असेल, १८३० साली, वयाच्या सत्तरीला टेकलेल्या मार्टिनने आपले पुस्तक काढले. त्यावर नावदेखील घातले नाही. गावात तो पंचवीस वर्षांवर कारकुनाचे काम करीत होता, लिहिण्याचा हात होता, विनोदाची दृष्टी होती. कोणी म्हणेल, पन्नास वर्षांनंतरच्या आठवणींवर किती विश्वास ठेवायचा? तारखांत आणि ऐकीव गोष्टींत चूक होऊ शकते. पण भूक केव्हा लागली होती आणि पाण्याला किती पैसे पडले, हे माणूस विसरत नाही. पुस्तक खपले नाही. १९६२ साली ते पुन्हा छापले गेले, आणि आज त्या युद्धातल्या साध्या शिपायाचे जिणे सांगायचे म्हटले, की इतिहासकार प्रथम त्याच्याकडे वळतात.

१८३६ मध्ये सैन्याची एक तुकडी त्या गावातून चालली होती. वाटेत त्यांना कळले की येथे तो जुना सैनिक राहतो. त्याच्या घरापुढे थांबून त्यांनी बंदुकांची सलामी दिली. पंचाहत्तरीच्या म्हाताऱ्याने ती कशी घेतली असेल, याची मी पुष्कळदा कल्पना करतो. २ मे १८५० रोजी, ८९ व्या वर्षी, तो वारला. त्याच्या दगडावर कोरले आहे, की हा क्रांतीचा एक सैनिक होता.

आपल्या साताऱ्याकडे, कोकणात, जुन्या चावडीवर महायुद्धाच्या संगमरवरी पाट्या दिसतात: या गावातून इतके गेले, त्यांतले इतके कामी आले. आकडे आहेत, नावे नाहीत. त्या आकड्यांतल्या एकाने जरी परत येऊन, नांगर खाली ठेवून, मार्टिनसारखे लिहिले असते, तर आज आपल्याला मेसोपोटेमियातल्या पाण्याचा भावदेखील कळला असता. ते लिहिले गेले नाही, कारण त्यांना कोणी विचारलेच नाही.

म्हणून माझी एकच विनंती आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी एखादा निवृत्त सैनिक असेल, गिरणीतून निघालेला कामगार असेल, शेत गेलेला म्हातारा असेल. या उन्हाळ्यात चार संध्याकाळी त्याच्यापाशी वही घेऊन बसा. लढाई कोणी जिंकली ते विचारू नका. ते छापलेले आहे. पगार किती ठरला होता आणि हातात किती पडला, हे विचारा. तिथून सुरुवात केली, की बाकीचे तो आपणहून सांगेल.